शबानाच्या रेघा

शबाना,

स्किलच्या तक्त्यातून आज तुझं नाव काढलं. देशमुख सरांनी सकाळीच सांगितलं होतं, ऑडिटवाले यायच्या आत नवा तक्ता भिंतीवर लागला पाहिजे. कोण कुठल्या कामात तयार आहे, कोण अजून शिकतंय, हे दाखवणारा तो तक्ता. त्यात गेलेल्या माणसाचं नाव कसं ठेवणार? त्यांचं बरोबरच आहे. मी तुझी ओळ निवडली आणि डिलीट केली. नावं अकारविल्हे लावायचा हट्ट तुझाच. म्हणून वर्षाचा 'व', मग शबानाचा 'श', माझ्याखाली तू. आपल्या विभागात स किंवा ह वरून कुणी नाहीच, त्यामुळे तुझी ओळ शेवटची होती. ती गेली तशी तक्त्याच्या चौकटीची खालची जाड रेघही तिच्याबरोबर गेली. तिन्ही बाजूंनी जाड चौकट आणि माझ्या नावाखाली नुसती आतली बारीक रेघ, असं काहीतरी राहिलं.

मी तिथे पुन्हा जाड रेघ मारली, प्रिंट काढली, लॅमिनेशनला दिली आणि डबा खायला गेले. मला काही वाटलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तू असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस, रडलीस का गं? नाही रडले. माझ्या घरी नाही, तुझ्या घरी नाही, सकाळी कंपनीची बस निगडीला येते आणि तुझ्या शेजारची जागा धरलेली नसते तेव्हाही नाही. दात काढून आल्यावर गाल कसा बधिर असतो, चावला गेला तरी कळत नाही, तसं चाललंय. जेवते, झोपते, काम करते. सगळे म्हणतात, वर्षाताई खंबीर आहेत. त्यांना म्हणू दे.

जागा धरायची तुझी पद्धत मात्र वाईट होती. काळेवाडीहून तू आधी चढायचीस आणि खिडकीजवळच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून शेजारी असं तोंड करून बसायचीस की कुणी विचारायलाच धजू नये. निगडीला मी चढले की पिशवी उचलायचीस आणि लगेच आदल्या दिवशीचा वाद पुढे सुरू. गुड मॉर्निंग वगैरे आपल्यात कधी नव्हतंच. तळवड्याच्या गर्दीत बस अडकली की आपला वाद चाकणपर्यंत पुरायचा, नाही अडकली तर दुपारच्या चहापर्यंत.

आणि वाद कशावरून, तर रेघांवरून. लोकांना सांगितलं तर हसतील. तुला प्रत्येक घराला रेघ पाहिजे, आत बारीक, बाहेर जाड, मथळ्याखाली दुहेरी. मला एकही नको. मी म्हणायचे, पान कसं मोकळं दिसलं पाहिजे, एक ओळ पांढरी, एक ओळ हलकी राखाडी, डोळ्याला बरोबर वाट सापडते. तू आखलेला तक्ता म्हणजे खिडकीचे गज, आकडे आत कोंडलेत. तू म्हणायचीस, तुझी राखाडी आपल्या प्रिंटरवर उमटते का कधी? आणि शॉपमधला, मशीनवरचा माणूस तेलाचं बोट ठेवून वाचतो, त्या बोटाला खाली टेकायला काठ लागतो. काठ नसला तर बोट घसरतं आणि खालच्या ओळीचं माप वरच्या पार्टला लागतं. मी म्हणायचे, मग बोट पुसून वाचायला सांग. एकदा अशीच मी गजांवर घसरले होते तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, "तुमच्या निगडी प्राधिकरणात दोन घरांमध्ये झाडं असतात बाई. आमच्या काळेवाडीत भिंतीला भिंत. आम्हाला रेघ आखावीच लागते, नाहीतर शेजाऱ्याचं मीठ आमच्या भाजीत."

माझा बंगला नाही, दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि खिडकीसमोर झाड नसून दुसऱ्याची गॅलरी आहे, असं मी काहीतरी बोलले. तू ते सगळ्या बसला सांगितलंस. पुढे कितीतरी दिवस स्टोअरमधला शिवणेकर मला भाजीत मीठ कमी पडलं का विचारत होता.

रुंदीबद्दलही आपलं जुळलं नाही. मी दोन कॉलमच्या मधल्या रेषेवर माउस न्यायचे, दोनदा टिचकी मारायचे, कॉलम आपोआप आतल्या मजकुराएवढा व्हायचा. तू कधीच तसं केलं नाहीस. तू ती रेषा धरून हाताने ओढायचीस, जराशी, मग परत जराशी, आणि मान वाकडी करून बघायचीस. शिंप्याकडे ब्लाऊज घालून बघावा तसं. मी चिडवायचे की शबाना कॉलमचं माप घेतेय, गप्प बसा. तुझं म्हणणं, टिचकी मारली की एका लांब नावासाठी अख्खा कॉलम फुगतो आणि शेवटचा कॉलम पानाबाहेर जातो. एकाच्या हौसेपायी दुसऱ्याने घर सोडायचं का? आकडा मावला नाही की त्या घरात चौकोनी फुल्या येतात, त्याला तू 'जाळी पडली' म्हणायचीस. मग सगळी कंपनी म्हणायला लागली. स्टोअरवालेही फोन करून सांगायचे, मॅडम, तुमच्या शीटमध्ये जाळी पडलीय.

तुझा हा हात कुठून आला ते मला माहीत आहे, कारण मी तिथे होते. आपण दोघी नव्याने लागलो होतो. पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये प्रत्येक मशीनवर सुरक्षेच्या सूचना मराठीत लावायच्या होत्या आणि ते काम तुला मिळालं होतं. तू सुंदर तक्ता केलास. पहिल्या कॉलममध्ये नंबर, दुसऱ्यात सूचना. त्या काळी तूही टिचकीच मारायचीस. शेवटच्या क्षणी कुणीतरी म्हणालं, प्रत्येक सूचनेपुढे जबाबदार माणसाचं नावही टाका. तू तिसरा कॉलम भरलास, प्रिंट काढलीस, कागद प्लास्टिकमध्ये घालून मशीनवर लागलेसुद्धा. लांब मजकूर शेजारचं घर रिकामं असेल तोवर त्याच्यावर पसरतो, शेजारी कुणी राहायला आलं की तिथेच कापला जातो, हे तेव्हा तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

दुपारी मोठ्या प्रेसवरचा बालाजी आला. लातूरकडचा, हसरा माणूस. म्हणाला, "मॅडम, हितं तर लिवलंय, मशीन चालू असताना आत हात घालू. घालू का मग?"

'नये' गेलं होतं. 'गार्ड काढून काम करू', तिथलंही गेलं होतं. सगळे हसले, मीपण हसले, देशमुख सर तर खुर्चीत मागे रेलून हसले. तू हसली नाहीस. उठलीस, शॉपमध्ये गेलीस आणि एकेका मशीनवरचा कागद स्वतःच्या हाताने काढून आणलास. परत आलीस तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, अगं कुणी खरंच थोडाच घालणार होतं? तू म्हणालीस, "इंग्रजीत नकार आधीच येऊन उभा राहतो. आपल्यात बिचारा सगळ्यात शेवटी येतो, आणि कापलं जातं ते शेवटचंच."

त्या दिवसापासून तू मराठी तक्ता वाचलास तो उजवीकडून. प्रत्येक घराचा शेवटचा शब्द आधी बघायचा, मग बाकीचं. मला हे जरा अतीच वाटायचं. पण मीही हळूहळू तसंच वाचायला लागले, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही. म्हणजे सांगण्यासारखं काही नव्हतं त्यात, वाद जिंकल्यासारखं तुला वाटलं असतं, एवढंच.

तुझ्या आजाराचं तू मला बसमध्ये सांगितलंस. वाद चालला होता दुहेरी रेघेवर, आणि मध्येच तू म्हणालीस, माझा कॉलम आवळत चाललाय, बघितलंस का? मला वाटलं डाएट करतेस. तू खिडकीबाहेर बघत डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं सांगितलंस, अगदी रिपोर्ट वाचून दाखवावा तसं, आणि म्हणालीस, ऑफिसात बोलू नकोस, लोक हळू आवाजात बोलायला लागतात. मी नाही बोलले. त्यानंतर आपण चाकणपर्यंत गप्प होतो. बहुतेक तेवढाच एक दिवस.

आता मुख्य गोष्टीवर येते. तिच्यावर आपलं भांडण अर्धवट राहिलंय, तुलाही ठाऊक आहे.

दवाखान्यात तू मला म्हणालीस, माझ्या जागी आमच्या पोरीला, नगमाला, लावून दे. सर तुझं ऐकतील. मी म्हणाले, वेड लागलंय का, पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला एम.एस्सी. करायचंय, इतकी हुशार मुलगी. तू म्हणालीस, हुशार आहे म्हणूनच सांगते. मी गेले की नातेवाईक म्हणतील, आईविना पोर घरात कशाला ठेवायची, एखादं बरं स्थळ बघा. इक्बाल बाप म्हणून चांगला आहे, पण गॅरेजमधून दमून आलेला माणूस किती जणांशी भांडणार? हातात नोकरी असली की तिला कुणी हलवू शकणार नाही. मी म्हणाले, आणि शिकली तर? तू म्हणालीस, शिकायला वेळ लागतो, मला तेवढा नाही.

मग मी जे बोलले ते अजून कानात आहे. मी म्हणाले, शबाना, आपण इतकी वर्षं काय केलं? रेघा मारल्या, रुंद्या ओढल्या. तिनेही तेच करायचं का? तू माझ्याकडे बघितलंस. सलाईनचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने चादरीची घडी सरळ केलीस. म्हणालीस, "त्या रेघांवर घर उभं राहिलं गं." आणि डोळे मिटलेस. झोपलीस की रागावलीस, कळलं नाही. मी थोडा वेळ थांबले आणि निघाले. नंतर दोनदा येऊन गेले, पण तुझ्याभोवती माणसं होती, आणि तो विषय तूही काढला नाहीस आणि मीही.

मी माझं म्हणणं आजही चुकीचं मानत नाही. ते तुला असं मेल्यावर सांगणं बरं दिसत नाही, पण आपल्यात बरं दिसण्यासाठी कोण बोलत होतं? तू मला सरळ तोंडावर सांगितलंस की माझे तक्ते उपाशी दिसतात. मी तुला सांगितलं की तुझ्या तक्त्यात श्वास घ्यायला जागा नाही. नवऱ्याशी मी इतकं खरं बोलत नाही. तू होतीस म्हणून नोकरीची सगळी वर्षं मला कुठे जाऊन बसायचंय हे माहीत होतं. याबद्दल तुझे आभार मानायला हवे होते, पण आपण एकमेकींना आभाराचा शब्द कधी शिकवलाच नाही.

तर झालं असं. तक्ता भिंतीवर लागल्यावर देशमुख सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, शबानाची जागा भरायचीय, सोमवारपर्यंत नाव द्या, नाहीतर एजन्सीकडून कुणीतरी घ्यावं लागेल. मग जरा घुटमळले आणि म्हणाले, तिची मुलगी आहे ना? कंपनी विचार करेल. तुम्हीच बोलून बघा, वर्षाताई.

मी बाहेर आले, जागेवर बसले. शेजारी तुझी खुर्ची होती, पाठीला तुझी ती हिरवी शाल अजून तशीच, एसीची म्हणून आणलेली. आणि मला वाटलं, येऊ दे की नगमाला. पहिल्यांदाच तसं वाटलं. तिचं एम.एस्सी., तिची हुशारी, माझा सगळा युक्तिवाद, काहीच आठवेना. एवढंच दिसत होतं की सकाळी बसमध्ये पिशवी ठेवून कुणीतरी जागा धरलेली असेल. नोकरी करत करत शिकता येतंच की, किती जणी शिकतात. मीच तिला सगळं शिकवीन. पाचच मिनिटांत मी पूर्ण तुझ्या बाजूची झाले होते. आज संध्याकाळी बस घराकडे निघाली तेव्हा मी निगडीला उतरलेच नाही. तशीच बसून तुझ्या स्टॉपला, काळेवाडीला उतरले.

इक्बालभाई गॅरेज लवकर बंद करून आले होते. हात धुऊन समोर बसले. घरात अजून पाहुण्यांच्या चपला होत्या. तुझी नणंद आतून चहा घेऊन आली आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिली. नगमा माझ्याजवळ जमिनीवर बसली. तू पानं बघताना जशी मान वाकडी करतेस ना, तशी मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती. मी वाक्य तयार करूनच आले होते. सरांनी विचारलंय, बेटा, तुझ्या अम्मीच्या जागी येतेस का? एवढंच म्हणायचं होतं.

मी तोंड उघडलं तेवढ्यात तीच म्हणाली, "मावशी, तुम्ही काय बोलणार ते मला माहीत आहे. अम्मीने सांगून ठेवलंय. म्हणाली, वर्षा येईल आणि शिक म्हणेल. तिच्याशी वाद घालू नकोस, मी घालून दमले."

नगमा खाली बघून ओढणीचं टोक ओढत होती. मग हळूच म्हणाली, "आणि म्हणाली, तिचंच बरोबर आहे. पण तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल."

आणि ती हसली. रडत रडत हसली, नाक पुसत. इक्बालभाईंनी मान दुसरीकडे वळवली. दारातली तुझी नणंद चहाचा रिकामा ट्रे हातात धरून तशीच उभी. सगळे मी काय बोलते याची वाट बघत होते. तू माझ्या बाजूने बोलून गेली होतीस, आणि मी तुझ्या बाजूने बोलायला आले होते. तुझ्याच घरात, तुझ्याच मुलीपुढे. याच्यावर आपण चाकणपर्यंतच काय, पुढे नाशिकपर्यंत हसलो असतो.

मी इक्बालभाईंकडे बघितलं. म्हटलं, भाऊ, पोरगी एम.एस्सी. करणार. तोवर कुणी तिच्या लग्नाचं काढलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा, निगडीचा पत्ता द्या. हे मी नणंदेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. इक्बालभाई म्हणाले, "शब्द दिलाय ताई शबानाला. मोडणार नाही."

नंतर नगमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो एक शब्द म्हटला. शिक. तिने मान डोलावली. नोकरीचं मी काढलंच नाही. कशासाठी आले होते, हे त्या घरात कुणालाच कळलं नाही.

रस्त्यावर येऊन सरांना फोन केला. म्हणाले, काय म्हणाली मुलगी? मी म्हटलं, ती शिकतेय सर, एजन्सीला सांगा. ते म्हणाले, ठीक आहे, मग सोमवारी कुणीतरी येईल. मी म्हटलं, येऊ दे. फाट्यावर गर्दी होती. बस येत होत्या, जात होत्या, आणि मी उभीच होते. तिथे माझा गाल भिजलाय हे मला एका भाजीवाल्या बाईने सांगितलं. तिने स्टूल पुढे केलं, मी बसले.

शबाना, सगळ्या भांडणांत तू कधी मागे हटली नाहीस. ना रेघांवरून, ना रुंदीवरून, ना मीठ-भाजीवरून. हटलीस ती हीच एकदा, आणि तीही मला न सांगता. थोडी थांबली असतीस. आणखी एकदा म्हणाली असतीस की नगमाला घे, तर मी घेतलं असतं गं. सोमवारी तुझंच नाक, तुझीच वाकडी मान माझ्या शेजारी येऊन बसली असती. एकदा तरी मला हरू द्यायचं होतंस.